गिअर ऑईल पुन्हा पुन्हा दुधाळ होतंय: जुन्या आउटबोर्डच्या खालच्या युनिटमधली गळती

प्रश्न थोडक्यात असा आहे. मालवणजवळच्या खाडीत पर्यटकांना फिरवणाऱ्या होडीवर १५ हॉर्सपॉवरचं जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे टांगायचं इंजिन, आहे. त्याच्या खालच्या युनिटमध्ये, म्हणजे पंखा आणि गिअर असलेल्या पाण्यातल्या भागात, गिअर ऑईल असतं. ते बदललं की आठ-दहा दिवसांत दुधाळ होतं. पंख्यामागची ऑईल सीलं दोनदा बदलून झाली, ड्रेन स्क्रूवर एम-सील थापून झालं, तरी फरक नाही. आता कोणीतरी सुचवलंय की ऑईलऐवजी ग्रीस भरून टाका. काय करावं?

ग्रीस भरू नका, हे आधी. ग्रीस गिअरच्या दातांनी बाजूला लोटलं जातं आणि तिथेच थिजून बसतं, परत दातांवर येत नाही. वरच्या ड्राइव्ह शाफ्टच्या (इंजिनाची ताकद खाली गिअरपर्यंत आणणाऱ्या उभ्या दांड्याच्या) बेअरिंगपर्यंत तर ते पोचतच नाही, कारण तिथलं वंगण हे फिरत्या ऑईलनेच वर चढतं. पाणी मात्र ग्रीस असलं तरी आत येतंच, फक्त स्क्रू उघडल्यावर दिसत नाही. ९० ऐवजी १४० नंबरचं जाड ऑईल भरण्याचा सल्लाही याच जातीचा. गळती लपते, थांबत नाही.

दोनदा सीलं बदलूनही पाणी येत असेल तर तिसऱ्यांदा सीलं आणण्याआधी पाणी नेमकं कुठून येतंय ते शोधायला हवं. या युनिटमध्ये पाण्याला वाटा मोजक्याच आहेत: वरच्या आणि खालच्या स्क्रूंचे वॉशर, पंख्याच्या शाफ्टवरची सीलं, ती सीलं ज्या टोपीत बसतात त्या टोपीची ओ-रिंग (रबरी गोल कडी), इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाखालची ड्राइव्ह शाफ्टची सीलं, गिअर टाकायच्या दांडीचं छोटं सील, आणि केसला गेलेली चीर. परदेशी पुस्तकांत चिरेचं कारण म्हणून थंडीत पाणी गोठून केस फुटण्याबद्दल पानंच्या पानं असतात. ती आपल्याकडे वगळा. कोकणात केस चिरते ती खडपावर आपटून, किंवा पुळणीवरून होडी ओढताना इंजिन वर न उचलल्यामुळे.

आधी खात्री करून घ्या की ते खरंच पाणी आहे. नुकत्याच चालवलेल्या इंजिनातलं ऑईल हवेच्या बारीक बुडबुड्यांनीही फिकट दिसतं. थोडं ऑईल काचेच्या बाटलीत काढून रात्रभर ठेवा. बुडबुडे असतील तर सकाळी ऑईल स्वच्छ झालेलं असतं. दूध घातलेल्या कॉफीसारखा रंग तसाच राहिला तर पाणी. शंका राहिली तर जुना चमचा तापवून त्यावर एक थेंब टाका, पाणी असेल तर तडतडतं. एकच थेंब, आणि चेहरा लांब ठेवून.

दुसरी गफलत याच्या उलट दिशेची. पंख्याच्या बुंध्याशी काळा चिकट ओघळ दिसला की लोक गिअर ऑईल गळतंय म्हणून सीलं बदलतात. ज्या इंजिनाचा धूर पंख्याच्या बुंध्यातून बाहेर पडतो, त्यात टू-स्ट्रोकचं न जळलेलं ऑईल तिथे साचतंच. गिअर ऑईलला गंधकाचा उग्र वास असतो आणि ते बोटांना तारेसारखं लागतं. धुराच्या ओघळाला पेट्रोल-रॉकेलचा आणि जळकट वास येतो. वासावरून फरक कळतो.

आता पाणी कधी येतं ते पाहा, त्यावरून निम्मं निदान होतं. होडी रात्रभर पाण्यात इंजिन उभं ठेवून बांधा. सकाळी इंजिन तसंच उभं असताना खालचा स्क्रू हळूच सैल करा. पाणी ऑईलपेक्षा जड, म्हणून खाली बसतं. आधी स्वच्छ पाण्याची धार आली आणि मग ऑईल आलं, तर गळती इंजिन उभं असतानाही चालू आहे: स्क्रूचे वॉशर, टोपीची ओ-रिंग, पंख्याचं सील किंवा चीर. उभ्या अवस्थेत काहीच आलं नाही, पण दिवसभर चालवल्यावर ऑईल दुधाळ झालं, तर संशय पाण्याच्या पंपाखालच्या सीलांवर जातो, कारण तिथे पाण्याचा दाब फक्त पंप फिरताना असतो. वाकलेला शाफ्टही असाच, फिरतानाच पाणी घेतो. पंख्यामागची सीलं दोनदा बदलताना पंपाखाली कोणी बघितलं होतं का, हा प्रश्न तुमच्या मेकॅनिकला विचारा. बहुतेक वेळा उत्तर नाही असं येतं, कारण पंख्याकडचं काम होडीवर बसून होतं आणि पंपाकडचं करायला युनिट खाली उतरवावं लागतं.

स्क्रूंबद्दल दोन शब्द जास्त, कारण सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित जागा तीच. दिवसभर चालून युनिट गरम होतं, मग इंजिन बंद केलं की पाण्यात गार पडतं. आतली हवा आणि ऑईल आकुंचन पावतं आणि आत ओढ निर्माण होते. वॉशर चपटा झालेला असेल तर ही ओढ तिथूनच पाणी आत घेते. वॉशर एकदा आवळला की त्याचा आकार बदलतो, म्हणून ऑईल बदलताना प्रत्येक वेळी दोन्ही नवे. खालच्या भोकात जुना वॉशर चिकटून राहतो आणि त्यावर दुसरा बसतो, हेही कायम घडतं. बोटाने चाचपून पाहा. एम-सील किंवा टेफ्लॉन टेप इथे नको. एम-सीलचा कण तुटून आत गेला तर गिअरच्या दातांत जातो. तुमच्या स्क्रूवरचं एम-सील खरवडून काढा आणि वॉशर टेकतो ती केसची कडा तपासा. तिथे पांढरी भुकटी आणि खड्डे असतील तर कितीही नवा वॉशर घाला, पाणी येणारच. खड्डे उथळ असतील तर सपाट ठोकळ्याला बारीक पॉलिश पेपर लावून कडा सारखी करून घेता येते.

मग दाबाची चाचणी. हिच्याशिवाय पुढचं काम म्हणजे अंदाजपंचे. ऑईल पूर्ण काढा. एक जुना ड्रेन स्क्रू लेथवाल्याकडून मधून आरपार भोक पाडून, त्याला पितळी निपल झाळून घ्या. तो नव्या वॉशरसकट वरच्या भोकात, आणि खालचा स्क्रू घट्ट. निपलला पाईप, टी, गेज आणि सायकलचा हातपंप. आधी फक्त ४-५ पौंड हवा भरा. कमी दाबाला सीलची कड शाफ्टवर हलकी टेकते, म्हणून थकलेलं सील कमी दाबातच आधी उघडं पडतं. जास्त दाबाने तीच कड शाफ्टवर दाबली जाते आणि गळती लपते. गेज नसेल तर बीपी मोजायचं जुनं काट्याचं यंत्र चालतं. त्याचा काटा ३०० वर म्हणजे साधारण पावणेसहा पौंड, पहिल्या टप्प्याला तेवढं पुरे. दाब भरून पंख्याचा शाफ्ट हाताने फिरवा, थोडा वर-खाली दाबा, गिअर बदलून पाहा. नंतर दाब १० पौंडांपर्यंत न्या, फार तर १४. त्यापुढे गेलात तर चांगलं सीलही जागेवरून सरकतं. पेट्रोल पंपावरच्या कॉम्प्रेसरला थेट जोडणं हा सील उडवण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

काटा पाच मिनिटं हलला नाही तर ठीक. हलला तर साबणाचं पाणी ब्रशने लावा: दोन्ही स्क्रू, टोपीची कडा, पंख्याचा शाफ्ट, केसचा पुढचा भाग आणि खालचं पातं. युनिट खाली उतरवलेलं असेल तर सरळ पाण्याच्या पिंपात बुडवा, बुडबुडे जागा दाखवतात.

पण दाबाची चाचणी अर्धीच. ऑईल सीलची कड ज्या बाजूला तोंड करून असते त्या बाजूचं तेवढं ते अडवतं. बऱ्याच इंजिनांत पंख्याच्या शाफ्टवरची दोन सीलं पाठीला पाठ लावून असतात: आतलं ऑईल अडवतं, बाहेरचं पाणी. काही मॉडेलांत दोन्हींची तोंडं बाहेर, पंख्याकडे असतात. आतून हवा भरून पाणी अडवणाऱ्या सीलची परीक्षा होत नाही. त्यासाठी उलट, आतून हवा ओढावी लागते. ब्रेकचं ऑईल काढायचा हाताचा व्हॅक्यूम पंप मिळाला तर गेजवर (पाऱ्याच्या) १० इंचांपर्यंत ओढा आणि पाच मिनिटं काटा पाहा. तो नसेल तर मेडिकलमधली ६० मिलीची सिरिंज. १५ हॉर्सपॉवरच्या गिअर केसमध्ये साधारण पाव लिटर जागा असते, म्हणजे एक पूर्ण ओढ पाच-सहा इंचांचा व्हॅक्यूम देते. दट्ट्या ओढलेल्या जागी तारेने अडकवा, पाच मिनिटांनी सोडा. झटकन जवळजवळ मूळ जागी गेला तर आत हवा शिरली नाही. तिथेच सुस्त पडून राहिला तर शिरली. दाबाला टिकतं पण व्हॅक्यूमला टिकत नाही, हा निकाल जुन्या इंजिनांत नेहमीचा, आणि सीलं नवी असूनही ऑईल दुधाळ का होतं याचं उत्तर त्यात असतं.

पंख्याकडे गळती सापडली तर आधी पंखा काढून मागे काय गुंडाळलंय ते बघा. तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) शाफ्टवर गुंडाळला गेला की घर्षणाच्या उष्णतेने वितळून कडक कडं होतो आणि सीलची कड कापतो. खाडीत जाळ्यांचे तुकडे भरपूर, म्हणून सीझनमध्ये आठवड्यातून एकदा पंखा उतरवून पाहणं हे काही जास्तीचं काम नाही. तंगूस राहिला असेल तर नवं सीलही चार दिवसांत जातं.

सील काढण्यासाठी टोपी बाहेर यायला हवी. या आकाराच्या इंजिनांत ती दोन बोल्टांवर असते. स्टीलचे बोल्ट ॲल्युमिनियमच्या केसमध्ये खाऱ्या पाण्याने जाम होतात, जोर केला की मुंडकं तुटतं. दोन दिवस आधीपासून सकाळ-संध्याकाळ गंज सोडवणारं ऑईल मारा, बोल्टच्या मुंडक्यावर हातोडीचे सरळ ठोके द्या, मग पाना. टोपी निघत नसेल तर केसवर उकळतं पाणी ओता आणि टोपीच्या कानांवर लाकडी मोगरीने आळीपाळीने ठोकून ती आधी थोडी फिरवा, मग ओढा. गॅसची ज्योत लावायची झालीच तर फार बेताने: ॲल्युमिनियम लोखंडासारखं लाल होऊन इशारा देत नाही, ते थेट खचतं.

टोपीबरोबर पंख्याचा शाफ्ट, रिव्हर्स गिअर आणि क्लच बाहेर येतात, आणि शाफ्टच्या पुढच्या टोकातला छोटा दांडा खाली पडतो. खाली स्वच्छ फडकं असू द्या. पातळ शिम (अंतर जुळवायच्या चकत्या) जिथे जशा होत्या तशाच क्रमाने तारेत ओवून ठेवा. त्या बदलल्या की गिअरच्या दातांमधली ढील बिघडते आणि मग रडगाणं वेगळंच सुरू होतं.

जुनं सील काढण्याआधी दोन गोष्टी मोबाइलच्या फोटोत घ्या: प्रत्येक सीलचं तोंड कुठे आहे, आणि ते टोपीच्या कडेपासून किती मिलिमीटर आत बसलंय. वर म्हटल्याप्रमाणे दिशा मॉडेलप्रमाणे बदलते, म्हणून ऐकीव नियमावर जाऊ नका. आणि आधीच्या माणसाने उलटं बसवलेलं नाही ना, हे त्या मॉडेलच्या मॅन्युअलशी ताडून पाहा. दोनदा बदलूनही गळणाऱ्या कामांत उलटं बसलेलं सील पुष्कळदा निघतं.

आता खरं दुखणं. शाफ्टवर सीलची कड जिथे फिरते तिथे नख फिरवा. नख अडकलं तर तिथे खाच पडली आहे. वाळू आणि चिखल सीलच्या कडेत रुततो आणि शाफ्टला वर्षानुवर्षं घासतो; कर्ली, गड, वाशिष्ठी अशा गाळाच्या खाड्यांत चालणाऱ्या इंजिनांना ही खाच लवकर पडते. खाच असलेल्या शाफ्टवर नवं सील म्हणजे पैसे पाण्यात. उपाय तीन. टोपीत जागा असेल तर सील एखाद-दीड मिलिमीटर आत किंवा बाहेर बसवा, म्हणजे कड कोऱ्या जागेवर येते. मात्र दोन सीलं एकमेकांवर दाबली जाता कामा नयेत आणि ऑईलची वाट बंद होता कामा नये. दुसरा, शाफ्टवर चढवायची पातळ स्टेनलेस स्लीव्ह. तिची जाडी सुमारे पाव मिलिमीटर असते, म्हणून तेच मूळ मापाचं सील वापरता येतं. तिसरा, शाफ्टवर हार्ड क्रोम चढवून मूळ मापाला ग्राइंड करून घेणं. हे काम कोल्हापूरकडे पाठवावं लागतं, पण शाफ्ट बाकी चांगला असेल तर ते टिकतं. शाफ्ट वाकलेला असेल तर यातलं काहीच उपयोगाचं नाही. टोक डुगडुगताना डोळ्यांना दिसलं तर ते सील झेपवेल त्याच्या कितीतरी पुढे गेलंय. लेथवर डायल लावून बघून घ्या.

सील विकत घेताना बेअरिंगच्या दुकानात माप सांगून मिळतं, पण तिथलं साधं सील नुसतं वंगण अडवण्यासाठी असतं, खाऱ्या पाण्यासाठी नाही. आतली गोल स्प्रिंग साध्या स्टीलची असली तर खाऱ्या पाण्यात ती एका सीझनमध्ये गंजून तुटते आणि सीलची पकड जाते. स्प्रिंग स्टेनलेस आहे का ते चुंबक लावून नाही कळणार, विचारून घ्या. उत्तर नीट मिळालं नाही तर कंपनीचंच घ्या. बसवताना सीलच्या बाहेरच्या व्यासाएवढा सॉकेट घेऊन सरळ ठोका. दोन सीलांच्या मधल्या पोकळीत वॉटरप्रूफ ग्रीस भरा. कोरडी कड पहिल्याच मिनिटात जळते. शाफ्टच्या आट्यांवरून सील सरकवताना आट्यांना प्लास्टिकची पट्टी किंवा टेप गुंडाळा, नाहीतर नवं सील बसतानाच फाटतं.

टोपीच्या ओ-रिंगचं दुखणं रबरात नसतं, ती ज्या भिंतीला टेकते त्या केसच्या भिंतीत असतं. पांढरी भुकटी ब्रशने काढा, खाली खड्डे असतील तर ॲल्युमिनियमची पूड असलेलं दोन भागांचं इपॉक्सी भरून, चोवीस तास सुकवून, हलक्या हाताने घासून गोलाई परत आणा. ओ-रिंगला आणि टोपीच्या बाहेरच्या अंगाला मरीन ग्रीस भरपूर लावा. पुढच्या वेळी टोपी निघेल ती या ग्रीसमुळेच. बोल्टांच्या आट्यांनाही तेच.

पंपाखालच्या सीलांसाठी युनिट उतरवायचं. गिअरची दांडी जोडणीपाशी सोडा, चार बोल्ट काढा. मागच्या छोट्या पात्याखाली आणखी एक बोल्ट लपलेला असू शकतो. पातं काढण्याआधी त्याची जागा खुणेने आखून ठेवा, नाहीतर सुकाणू एका बाजूला ओढतं. मग क्रमाने निघतं ते पंपाचं घर, इंपेलर (पंपातलं रबरी पात्यांचं चाक), त्याची चावी, खालची प्लेट, आणि तिच्याखाली सीलं. ड्राइव्ह शाफ्टवरही तीच नखाची परीक्षा. इथवर आलातच तर इंपेलर नवाच घाला, आणि पात्यांचा कल फिरण्याच्या दिशेच्या उलट राहील असा बसवा. गिअरच्या दांडीचं सीलही आत्ताच बदला. चार पैशांचं असतं आणि त्यासाठी पुन्हा युनिट उतरवायची कोणाची इच्छा नसते.

सगळं बसवल्यावर ऑईल भरण्याआधी दाब आणि व्हॅक्यूम दोन्ही चाचण्या पुन्हा. मग ९० नंबरचं हायपॉइड गिअर ऑईल, मरीन मिळालं तर उत्तम. इंजिन उभं ठेवून खालच्या भोकातून सावकाश भरा. वरून भरलं तर आत हवा अडकते आणि ऑईल कमी बसतं. वरच्या भोकातून बुडबुड्यांशिवाय ऑईल आलं की आधी वरचा स्क्रू, मग पंप काढून चटकन खालचा. पहिलं भरणं धुण्यापुरतं समजा: पिंपात दहा मिनिटं पुढे-मागे गिअरमध्ये चालवा, काढा, पुन्हा भरा. कोपऱ्यांत राहिलेलं जुनं दुधाळ ऑईल नव्यात मिसळून ते किंचित फिकट दिसतं आणि उगाच घाबरायला होतं. पहिल्या पाच-दहा तासांच्या वापरानंतर खालचा स्क्रू सैल करून थेंब पाहा.

एक गोष्ट वेळेची. १ जूनला मासेमारीबंदी लागते, पर्यटनाच्या होड्याही त्याच सुमाराला शाकारल्या जातात, आणि गिअर ऑईलचं काम नारळी पौर्णिमेवर ढकललं जातं. दुधाळ ऑईल आत ठेवून इंजिन पावसाळाभर उभं राहिलं की पाणी खाली बसतं आणि त्यात बुडालेली बेअरिंगं व दात गंजतात. चालत्या इंजिनापेक्षा उभ्या इंजिनाचं नुकसान जास्त. सील बदलायला वेळ नसेल तर निदान होडी वर घेतली त्याच दिवशी ऑईल काढून नवं भरा.

खालच्या स्क्रूच्या चुंबकावर राखाडी लेप असेल तर ती नेहमीची झीज. नखाएवढे चकचकीत कण किंवा सुईसारखे तुकडे असतील, दातांवर खड्डे असतील, तर सीलांवर खर्च करण्याआधी पूर्ण खालचं युनिट जुनं मिळतंय का पाहा. घेताना शाफ्टची लांबी तीच हवी (१५ इंची की २० इंची), गिअरचं प्रमाण तेच हवं, ड्राइव्ह शाफ्टच्या वरच्या टोकाच्या खाचा मोजून जुळायला हव्यात. आणि विकणाऱ्याने कितीही सांगितलं तरी त्याच्या दारातच युनिटमध्ये हवा भरून पाहा.